मूठभर धान्य आणि एकच पंगत : कर्मवीर भाऊराव पाटील

तेर या गावाला दानाची ओळख नवी नाही. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात ज्या तगर नगराचा उल्लेख येतो, ते हेच आपले तेर. पैठणहून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या पेठेतून कापडाचा माल भडोचच्या बंदराकडे जात असे. आज आपण ज्याला त्रिविक्रमाचे मंदिर म्हणतो, त्या विटांच्या गजपृष्ठाकार वास्तूत अभ्यासकांना मूळचे बौद्ध चैत्यगृह दिसले. उत्खननात येथे विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले. स्तूप आणि चैत्य काही कोणा एका राजाच्या खजिन्यातून उभे राहत नसत. पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांच्या भिंती वाचल्या, की माळी, सुतार, लोहार, धान्याचे व्यापारी, भिक्खुणी आणि गृहिणी यांची नावे दानकर्ते म्हणून समोर येतात. कोणी एक खांब दिला, कोणी पाण्याचे टाके दिले.

या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा आमच्यापुढे बरीच नावे होती. भगवान बुद्ध, महात्मा फुले, छत्रपती शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी या शाळेत वर्षभर बोलले जाते, आणि ते तसेच बोलले जावे. परंतु ज्या संस्थेत मुले राहतात, जेवतात, झोपतात आणि शिकतात, त्या संस्थेने वसतिगृह ही गोष्ट महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुजविणाऱ्या माणसाची आठवण करू नये, हे आम्हांला बरे वाटले नाही. म्हणून हा लेख कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयी आहे. त्यांचे कार्यक्षेत्र सातारा. त्या काळी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि कृष्णाकाठच्या त्या चळवळीचा वारा इकडे फारसा पोहोचला नव्हता. तरीही आपल्या स्वयंपाकघरातील रोजची पंगत पाहिली, की तिच्या मुळाशी भाऊराव दिसतात.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगौंडा महसूल खात्यात कारकून होते, त्यामुळे बदलीच्या गावी बिऱ्हाड हलत असे आणि मुलाची शाळाही बदलत असे. आई गंगाबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. भाऊराव लहानपणापासून अंगापिंडाने दांडगे, पोहण्या-कुस्तीचे शौकीन आणि पुस्तकापेक्षा उनाडकीत रमणारे होते. विहिरीवर अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला पाणी नाकारले जाते हे पाहून त्यांनी तेथला रहाटच मोडून विहिरीत टाकला, अशी एक गोष्ट त्यांच्या बालपणाविषयी सांगितली जाते. थोर पुरुषांच्या बालपणी अशा गोष्टी नंतर येऊन चिकटतात, हे आम्हांस ठाऊक आहे. पण पुढे जे घडले ते पाहता ही गोष्ट त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले. ते कोल्हापूर शाहू महाराजांचे होते. खेड्यातील मुलाला शहरात राहण्याची सोय नाही, म्हणून त्याचे शिक्षण थांबते, हे महाराजांनी ओळखले होते. एक सर्वांसाठी वसतिगृह काढण्याचा प्रयत्न पुरता साधला नाही. तेव्हा १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाच्या पुढाकाराने वसतिगृहे उभी करविली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह सुरू झाले. भाऊराव जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. तेथील व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती, आणि त्यांची शिस्त कडक होती.

मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आले. बोर्डिंगच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आंघोळ करून मगच जेवायला बसावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. माणसांच्या सभेला जाऊन आलेल्या माणसाला विटाळ कसला, एवढाच त्यांचा मुद्दा होता. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे ते शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले आणि महाराजांचे वागणे त्यांनी जवळून पाहिले. परंतु मॅट्रिकची परीक्षा काही त्यांच्या हातून पार पडली नाही. शेकडो शाळा काढणारा हा माणूस स्वतः मॅट्रिक नव्हता. आमच्या पालकांपैकी ज्यांना आपल्या शिक्षणाचा उल्लेख करताना संकोच वाटतो, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

त्या रात्रीच्या जेवणाची गोष्ट आम्ही येथे मुद्दाम विस्ताराने सांगितली. वसतिगृह मिळाले म्हणजे सगळे मिळाले असे नसते, हे भाऊरावांना त्या दिवशी समजले असावे. छप्पर एक असले तरी पाने वेगळी मांडली जातात. जातीजातींची वसतिगृहे ही त्या काळाची गरज होती आणि शाहू महाराजांनी त्यांतून हजारो मुलांना वर काढले, हे खरे आहे. तथापि त्या योजनेत जी उणीव राहिली होती, ती भरून काढण्याचे काम त्यांच्याच छायेत वाढलेल्या या तरुणाकडे आले.

मध्यंतरी भाऊरावांच्या आयुष्यात एक वादळ येऊन गेले. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण घडले. संशयाचे बोट अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळले. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्या गृहस्थाने आपल्याला जेवणाच्या पंगतीवरून बाहेर काढले, त्याच्यावर सूड उगविण्याची अशी संधी क्वचितच कोणाला चालून येते. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास पत्करला, छळ सोसला, आणि त्या काळात गोष्ट त्यांच्या जिवावर बेतली. शेवटी ते सुटले. हेच लठ्ठे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. भाऊरावांच्या पुढील सर्व कामापेक्षाही हा एक नकार आम्हांला मोठा वाटतो. संस्था उभारणाऱ्या माणसाला पुष्कळ तडजोडी कराव्या लागतात. त्याआधी त्याने एकदा तरी अशी जागा पाहिलेली असावी, जिथे तडजोड चालत नाही.

पोटासाठी त्यांनी बरेच उद्योग केले. साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या घेतल्या. तेथे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. पुढे ओगल्यांच्या काच कारखान्याच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री करीत ते गावोगाव हिंडले. लाकडी नांगराची सवय असलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर घ्यायला लावणे सोपे नव्हते. तो विकण्यासाठी बांधावर बसावे लागे, स्वतः औत धरून दाखवावे लागे, आणि एकदा नाही म्हटलेल्याकडे पुन्हा जावे लागे. या हिंडण्यातून त्यांना खेड्याची नस सापडली. कोणाच्या घरी किती धान्य असते, सुगीत माणूस किती उदार असतो आणि चैत-वैशाखात तोच किती अडचणीत असतो, हे त्यांना कोणा पुस्तकावाचून कळले. साताऱ्यातील कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता, पण तेथे त्यांचे फार काळ जमले नाही.

याच फिरतीत घडलेला एक प्रसंग पुढे संस्थेच्या इतिहासाचा भाग झाला. एका शाळेत वर्गाबाहेर बसून शिकणारा एक मुलगा त्यांना दिसला. तो महार समाजातला होता, आणि त्याला वर्गात जागा नव्हती. भाऊरावांनी त्याला आपल्याबरोबर घेतले, घरी आणले आणि कोल्हापूरच्या वसतिगृहात शिकायला ठेवले. त्या मुलाचे नाव ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. पुढे हेच घोलप मुंबई प्रांताच्या विधिमंडळाचे सदस्य झाले. त्याच सातारा शहरात काही वर्षे आधी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, भीमराव नावाच्या मुलाचे नाव सरकारी शाळेच्या पटावर चढले होते. ती तारीख आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळली जाते. साताऱ्याच्या त्या पटावरचे नाव आणि वर्गाबाहेर बसलेला ज्ञानदेव यांच्यामध्ये बराच काळ लोटला होता, तरी वर्गाचा उंबरठा होता तेथेच होता.

मुलांना एकत्र ठेवून शिकविण्याचा पहिला प्रयोग भाऊरावांनी १९१० च्या सुमारास काही मित्रांसह दुधगाव येथे केला होता. गावानेच धान्य द्यावे आणि त्यावर मुले शिकावीत, ही कल्पना तेथे रुजली. सत्यशोधक समाजाच्या कार्यात ते ओढले गेले होते. फुल्यांचे विचार त्यांच्यापर्यंत ग्रंथांपेक्षा जलसे आणि सभा यांमधून अधिक आले असावेत. कराड तालुक्यातील काले या गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. आमच्या वाचकांना विजयादशमी म्हटले की १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमीच आठवणार. सीमोल्लंघनाचा हा दिवस दोघांनीही आपापल्या कामासाठी निवडला.

संस्था १९२४ मध्ये साताऱ्याला आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मुले सुरुवातीला मोजकीच होती, पण ती सर्व जातींची होती. मराठा, महार, मांग, चांभार, मुसलमान, जैन अशी सगळी मुले एका चुलीवर शिजलेले अन्न एका पंगतीत खात. ही गोष्ट आज लिहायला एक ओळ लागते. त्या काळी ती करायला काय लागले असेल, याची कल्पना करावी. आपल्या मुलाला तेथे ठेवणाऱ्या सवर्ण बापाला गावकी जाब विचारीत असे. अस्पृश्य मुलाच्या बापाला वेगळीच धास्ती असे, की आपल्या पोराला तेथे जेवताना कोणी हिणवणार तर नाही. दोघांनाही भाऊराव स्वतः जाऊन भेटत. मुले स्वयंपाक करीत, भांडी घाशीत, झाडलोट करीत, आणि या पाळ्या लावताना जात पाहिली जात नसे. महात्मा गांधींनी २५ फेब्रुवारी १९२७ रोजी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण केले. महाराज तेव्हा हयात नव्हते. ज्यांच्या नगरीतील एका पंगतीवरून उठविल्या गेलेल्या मुलाने ही नवी पंगत मांडली, त्यांचेच नाव तिला मिळाले.

आता मुष्टिफंडाविषयी. रयतचा इतिहास सांगताना पुष्कळ जण त्याचा उल्लेख करतात आणि पुढे जातात. आम्हांला मात्र तेथे थांबावेसे वाटते, कारण मुलांसाठी समाजाने देणे म्हणजे काय, हे त्यात सर्वांत स्वच्छ दिसते. योजना अगदी साधी होती. घरातील बाई रोज दळणाला किंवा स्वयंपाकाला धान्य काढते, तेव्हा त्यातली एक मूठ तिने एका वेगळ्या मडक्यात टाकायची. आठवड्याने किंवा पंधरवड्याने वसतिगृहाची मुले झोळी किंवा पोते घेऊन येत आणि ते धान्य गोळा करून नेत. सुगीच्या दिवसांत खळ्यावरही धान्य मागितले जाई.

यात पैशाचे काम नव्हते. खेड्यातल्या बाईच्या हाती पैसा नसतो, पण धान्याच्या कणगीवर तिचा हात असतो. म्हणून या दानाची मालकीण ती होती. रोज एक मूठ गेल्याने कोणाची चूल बंद पडत नसे, त्यामुळे गरीब घरही देणाऱ्यांत मोडे. जे घर मूठभर देत असे, त्याचा त्या वसतिगृहावर हक्क निर्माण होई. पुढच्या वर्षी त्या घरचा मुलगाही शिकायला येई, आणि तो आला तरी उपकाराखाली दबलेला नसे, कारण त्याच्या आईची मूठ तेथे आधीच पोहोचलेली असे. धान्य मागायला मुलेच जात, हेही विचारपूर्वक ठरविलेले दिसते. ज्या घरचे अन्न आपण खातो, ते घर मुलाने पाहिलेले असावे, आणि ज्याला आपण अन्न देतो, तो मुलगा घराने पाहिलेला असावा.

आजकाल निरनिराळी सेवाभावी मंडळे आमच्या शाळेत येतात. वह्या, दप्तरे, स्वेटर, पांघरुणे देतात. आम्ही त्यांचे ऋणी आहोत आणि या स्मरणिकेत त्यांची नावे आदराने छापलेली आहेत. तरी एक गोष्ट मनात येते ती सांगून टाकतो. कार्यक्रमाच्या वेळी वस्तू हातात घेऊन छायाचित्रासाठी उभ्या राहिलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे आम्ही कधी कधी पाहतो, तेव्हा मुष्टिफंडाच्या मडक्याची आठवण होते. त्या मडक्यात कोणाची मूठ कोणती हे कोणालाच ओळखता येत नव्हते.

भिक्खूचे भिक्षापात्र ज्यांच्या परंपरेत आहे, त्यांना यात काही अनोळखी वाटणार नाही. भिक्खू दारोदार उभा राहतो, आणि जे पात्रात पडते त्यात राजाचा घास आणि रंकाचा घास एकत्र होतो. भाऊराव जैन घरात जन्मले, सत्यशोधकांत वाढले आणि पुढे गांधीजींच्या प्रभावाने खादीधारी झाले. बौद्ध परंपरेचा आधार त्यांनी घेतला असे आम्ही म्हणत नाही. केवळ दोन गोष्टींतील साम्य नजरेस आले, म्हणून नमूद केले.

मुष्टिफंड असूनही वसतिगृहाची कोठी रिकामी होण्याचे दिवस येत. अशा वेळी जी व्यक्ती पुढे येई, तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हे चरित्र अर्धेच राहील. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना मुले वहिनी म्हणत, आणि भाऊरावांना अण्णा. सोवळेओवळे पाळणाऱ्या जैन कुटुंबातून त्या आल्या होत्या. नवऱ्याने जातपात सोडली, म्हणजे बायकोनेही ती त्याच दिवशी सोडली, असे होत नसते. स्वयंपाकघर हे तिचे राज्य असते, आणि सगळ्या रूढी तिथेच ठाण मांडून बसलेल्या असतात. वहिनींनी त्या स्वयंपाकघरात सर्व जातींच्या मुलांना घेतले. त्यांना वाढले, आजारपणात त्यांच्या उशाशी बसल्या. एकेक करून त्यांचे दागिने मुलांच्या अन्नासाठी गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठीत धान्य उरले नाही. शेवटी अंगावर राहिलेले मंगळसूत्र वहिनींनी मोडायला दिले आणि मुलांच्या जेवणाची सोय केली. त्या काळच्या सवाशीण बाईने हे करणे म्हणजे काय, हे आमच्या वयस्क माता-भगिनींना वेगळे सांगण्याची गरज नाही.

१९३० मध्ये वहिनी गेल्या. संस्थेचे मोठे दिवस त्यांनी पाहिले नाहीत. इतिहासात भाऊरावांना कर्मवीर ही पदवी मिळाली, आणि ती लोकांनी दिली. वहिनींच्या वाट्याला बहुधा मंगळसूत्राचा तो एक प्रसंगच आला आहे, आणि आम्हीही तोच पुन्हा सांगितला. त्यांनी रोज पहाटे उठून किती भाकरी थापल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

पत्नीच्या निधनानंतर भाऊराव जणू पूर्णपणे संस्थेचे झाले. पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झाले. १९३२ च्या पुणे कराराची आठवण त्यामागे होती. त्या कराराविषयी आमच्या समाजाच्या भावना तीव्र आहेत आणि त्यांना कारणे आहेत. एवढे मात्र म्हणता येईल, की करारावर सह्या झाल्यानंतर स्पृश्यास्पृश्यांनी एकत्र राहण्याची भाषणे पुष्कळांनी केली, आणि भाऊरावांनी प्रत्यक्ष मुले एकत्र ठेवली. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय निघाले. पुढे ते महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९३७ नंतर ज्या गावात शाळा नाही तेथे स्वयंसेवी शाळा काढण्याची मोहीम सुरू झाली, आणि अशा पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा संस्थेने चालविल्या. या शाळा देवळाच्या ओसरीत, चावडीत, कोणाच्या गोठ्यालगतच्या पडवीत भरत. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. येथे मुलाने श्रम करावेत आणि त्या श्रमावर शिकावे, अशी योजना होती. कमवा आणि शिका हे शब्द आज सर्वांच्या तोंडी आहेत. तेव्हा मुलांनी खडकाळ माळ फोडून शेती केली, दगड काढले, आणि ज्या इमारतींत त्यांना शिकायचे होते त्यांच्या भिंती स्वतःच्या हाताने उभ्या केल्या.

मुलींसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले, परंतु मुलांच्या मानाने हे काम मागाहून आले आणि धीम्या गतीने वाढले, हे नमूद करणे आवश्यक आहे. सावित्रीबाईंची परंपरा सांगणाऱ्या चळवळीतही असे झाले.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली आणि नाव बदलण्याची अट घातली, तेव्हा भाऊरावांनी ती साफ नाकारली, असे सांगतात. स्वतःच्या बापाचे नाव बदलता येईल पण हे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर महाराष्ट्रभर झाले. देणगी कशी घ्यावी हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती केव्हा परत करावी हेही महत्त्वाचे असते. संस्थाचालक या नात्याने आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो, की दुसरी गोष्ट फार अवघड आहे.

त्याची खरी परीक्षा १९४८ मध्ये झाली. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ शंभरावर हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. परंतु त्याच सुमारास सरकारवर केलेल्या टीकेमुळे मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. हजारो मुलांचे शिक्षण आणि शेकडो शिक्षकांचे पगार त्या अनुदानावर होते. स्वतःचे शब्द मागे घेतले असते, तर कदाचित प्रश्न लगेच मिटला असता. ते झुकले नाहीत. या हट्टाची किंमत शिक्षकांच्या घरांनी मोजली, हेही विसरून चालणार नाही. नेत्याच्या ताठ कण्याचे ओझे पुष्कळदा अनुयायांच्या खांद्यावर पडते. पण त्या दिवसांत लोक धावून आले. ज्यांनी मुठी दिल्या होत्या त्यांनी पोती दिली. गावोगाव निधी जमला. संत गाडगेबाबांनी यात मध्यस्थी केली आणि मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला. अनुदान पुन्हा सुरू झाले.

गाडगेबाबांचा आणि भाऊरावांचा स्नेह जुना होता. दोघेही हातात काठी आणि अंगावर जाडेभरडे वस्त्र घेऊन गावोगाव हिंडणारे, आणि दोघांच्याही मागणीत स्वतःसाठी काही नसे. फरक इतकाच, की बाबा कीर्तनातून मागत आणि भाऊराव सभेतून. बाबांनी पंढरपूरची चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली, हे आमच्या वाचकांना ठाऊकच आहे. पुढच्याच वर्षी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि मराठवाड्यातील आमच्या आधीच्या पिढीला उच्च शिक्षणाचे दार उघडले. त्या पिढीतील कित्येक जण खांद्यावर वळकटी आणि पिशवीत भाकरी घेऊन तेथे गेले. कराडला १९५४ मध्ये रयतने जे महाविद्यालय काढले, त्याला गाडगे महाराजांचे नाव दिले.

उतारवयातील भाऊरावांचे चित्र जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर असे : पांढरी शुभ्र दाढी, भव्य देह, खादीचा सदरा, खांद्यावर घोंगडी आणि अनवाणी पाय. वसतिगृहात आले की मुलांच्या घोळक्यात बसत. त्यांच्या मुलांपैकी पी. जी. पाटील हे बॅरिस्टर झाले, परत येऊन त्यांनी संस्थेतच काम केले, आणि पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. असे परत येणारे विद्यार्थी हेच संस्थेचे खरे भांडवल होते. आमच्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही येथे काही सुचवीत नाही. त्यांतील कित्येक जण न सुचविताच येतात, रविवारी गणित शिकवतात, आणि चहासुद्धा घेत नाहीत.

१९५९ च्या प्रारंभी भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. तोवर त्यांची प्रकृती ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, शंभरावर माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये चालू होती. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्षाचे आहे.

आमच्या शाळेची सहल साताऱ्याला गेली, की मुले अजिंक्यताऱ्यावर चढतात आणि मग या समाधीपाशी येतात. मागच्या खेपेस परतीच्या वाटेवर एका लहान मुलाने विचारले, की मडक्यात धान्य टाकणाऱ्या बायकांची नावे कोठे लिहून ठेवली आहेत. आमच्यापैकी कोणाला उत्तर देता आले नाही. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी आहे, ती पावतीपुस्तकावरून केली आहे. सुगीत खळ्यावरून मापटे-दोन मापटे ज्वारी या स्वयंपाकघराला पोहोचती करणाऱ्या तेर आणि आसपासच्या घरांची नावे तिच्यात नाहीत, कारण त्यांनी पावती कधी मागितली नाही.